चार आटे

विद्यापीठात नवं संशोधन केंद्र निघतं तेव्हा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी फलक येतो, मग फर्निचर येतं, आणि पदं येतच नाहीत. आमच्या केंद्राचंही तसंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. उद्घाटनाच्या दिवशी जे घडलं ते मात्र डोक्यातून जात नाही.

केंद्राचा विषय मोठ्या सामाजिक-तांत्रिक प्रणाली. वीज, पाणी, रेल्वे, रेशन अशा यंत्रणा, ज्यांत पंप आणि तारा जितक्या महत्त्वाच्या तितकेच नियम, बिलं, नगरसेवक, कंत्राटदार आणि रात्रपाळीचा माणूसही. आमच्या स्थापत्य विभागात नुसता पाइप शिकवणारे पुष्कळ आहेत, पलीकडच्या इमारतीत नुसता समाज शिकवणारे आहेत. दोन्हींच्या मध्ये एकच कँटीन आहे, तिथेही टेबलं वेगळी. कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने १९९८ मध्ये अभियांत्रिकी प्रणालींसाठी स्वतंत्र विभाग काढला होता, २०१५ मध्ये तो दुसऱ्या नव्या संस्थेत सामावूनही घेतला. आपल्याकडे आयआयटी मुंबईत ग्रामीण भागाच्या तंत्रज्ञानासाठीचं केंद्र १९८५ पासून आहे. प्रस्तावात ही उदाहरणं मी हौसेने लिहिली होती. विद्या परिषदेत चर्चा झाली ती केंद्र कोणत्या विभागाखाली येणार आणि खोली कोणाची जाणार यावर. संगणक विभागाचं म्हणणं असं की नावात 'कृत्रिम बुद्धिमत्ता' घाला, निधी लवकर मिळतो. त्यांचं चुकीचं नव्हतं, हेच वाईट.

उद्घाटनाला काय दाखवायचं यावर वाद झाला तेव्हा मी अडून बसले. गेल्या काही महिन्यांत एका विद्यार्थिनीबरोबर मी जवळच्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यावर काम करत होते. तेच दाखवायचं म्हटलं. कुलगुरूंना वाटलं होतं, मोठ्या प्रणाली म्हणजे निदान मेट्रो तरी असेल. "नळाचं पाणी?" ते म्हणाले. हो, नळाचं पाणी.

गाव मध्यम, पाणी एक दिवसाआड. टाकीतून निघणारी मुख्य वाहिनी, तिच्यावरचे झोन, प्रत्येक झोनला एक-दोन व्हॉल्व्ह. अशा जाळ्याचं गणित करायला आम्ही ईपानेट वापरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने बनवलेली फुकट संगणकप्रणाली, जगभर चालते. पण तिचा जुना गाभा एक गोष्ट गृहीत धरतो: प्रत्येक घराला हवं तेवढं पाणी मिळतंच, आता दाब किती उरला ते सांगा. आपल्याकडे नेमकं उलटं असतं. नळ उघडे असतात, खाली टाकी किंवा पिंप असतं, आणि दाब असेल तेवढं पाणी माणूस ओढतो, भरेपर्यंत. जुन्या पद्धतीने गणित केलं की टोकाच्या घरांना ऋण दाब दिसतो, म्हणजे कागदावर नळ हवा खेचत असतो. दाबावर अवलंबून मागणी धरण्याची सोय २०२० च्या २.२ आवृत्तीत आली. त्याआधी आम्ही नळागणिक खोट्या टाक्या कल्पून वेळ मारून न्यायचो. शिवाय लोकांनी थेट लाइनीला लावलेल्या मोटरी असतात. मोटर ओढते तेव्हा आजूबाजूला दाब पडतो, आणि पाणी बंद असताना रिकाम्या पाइपात शेजारच्या गटाराचं पाझरतं. पहिलं पाणी सोडून द्यायचं असतं, हे घरोघरी माहीत असतं ते यामुळेच.

हे सगळं घालून आम्ही ते जाळं संगणकावर उभं केलं. विद्यार्थिनीने आठवडेच्या आठवडे पहाटे उठून घराघरांत बादल्या मोजल्या. आमचं गणित म्हणत होतं, टेकाडावरच्या शेवटच्या वस्तीला पाणी पोचायलाच नको. तिथल्या बायका म्हणत होत्या, येतं की, बारीक येतं पण येतं. आम्ही पाइपाचा व्यास तपासला, खडबडीतपणाचा गुणांक बदलला, टाकीची पातळी पुन्हा मोजली. फरक तसाच. मग कोणीतरी म्हणालं, पाणी सोडतात त्यांना विचारा.

पाणी सोडणारे मामा. नगरपालिकेत ते व्हॉल्व्हमन, निवृत्तीला आलेले. हातात लांब दांड्याची चावी, खांद्यावर पंचा, खिशात रेघांची छोटी वही. टाकीच्या पायथ्याचा जो मोठा झोन, त्याचा दीडशे मिलीमीटरचा व्हॉल्व्ह वेळापत्रकानुसार पूर्ण उघडायचा असतो. म्हणजे चावीचे साधारण वीस आटे, वीस पूर्ण फेरे. मामा चारच आटे उघडत होते. अशा व्हॉल्व्हमध्ये खरा खेळ पहिल्या पाच-सहा आट्यांतच असतो, पुढचे फिरवले तरी प्रवाहात विशेष भर पडत नाही. हे पुस्तकात वक्ररेषेने दाखवतात, मामांना मनगटाने कळलेलं होतं. चार आट्यांवर पायथ्याच्या लोकांना पुरेसं मिळायचं, मुख्य वाहिनीत दाब राहायचा, आणि टेकाडावर पाणी चढायचं. ज्या वारी वीज देखभालीसाठी बंद असते त्या वारी ते वीसच्या वीस आटे सोडत. "त्या दिवशी मोटरी नसतात ना मॅडम. पाणी आपल्या पायांनी चालतं." टेकाडावर लग्न असेल, मयत असेल, तर दहा मिनिटं जास्त. सगळं वहीत.

आम्ही चार आटे घातले आणि गणित जुळलं. त्या दिवशी मला झालेला आनंद एखाद्या निबंधाच्या स्वीकृतीपेक्षा मोठा होता, हे लपवत नाही.

तर उद्घाटन. दीप, सरस्वती, शाल, श्रीफळ, स्वागतगीत, आणि प्रास्ताविकात आमच्या अधिष्ठात्यांनी घेतलेला प्रदीर्घ वेळ. त्यांना माइक दिला की तो परत येत नाही, सगळ्यांना माहीत आहे, तरी दर वेळी त्यांनाच देतात. मुख्य पाहुणे वीज क्षेत्रातले निवृत्त वरिष्ठ अधिकारी होते, आणि बोलले खरोखर चांगलं. जुलै २०१२ मध्ये देशाचं ग्रिड सलग दोन दिवस कोसळलं त्याबद्दल. ३० तारखेला उत्तर भारत, ३१ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य. साठ कोटींहून अधिक लोक ज्या भागात राहतात तिथली वीज गेली, रेल्वे अडकल्या, पूर्वेकडच्या कोळसा खाणींत कामगार खाली अडकले. बीना-ग्वाल्हेर वीजवाहिनी भार जास्त झाल्याने बंद पडली, हे तांत्रिक कारण. पण राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती आणि त्यांना वेळेत कोणी थांबवू शकलं नाही, हेही कारणच. "तार तुटत नाही, शिस्त तुटते," असं ते म्हणाले, आणि मला ते पटलं. पुढच्या अर्ध्या तासात त्या वाक्याचा काय उपयोग होणार आहे याची कल्पना नव्हती.

मग आमचं सादरीकरण. मामांना आम्ही मुद्दाम बोलावलं होतं, नगरपालिकेच्या रीतसर परवानगीने. उपअभियंता साहेब दुसऱ्या रांगेत होते. विद्यार्थिनीने पडद्यावर आधी वेळापत्रकाप्रमाणे चालणारं जाळं दाखवलं, टेकाडाची वस्ती लाल. मग चार आटे, आणि लाल हिरवं झालं. मामांना मंचावर बोलावलं. ते माइकपासून हातभर लांब उभे राहून बोलले, तरी शेवटच्या रांगेत ऐकू गेलं. वही उघडून दाखवली. टाळ्या पडल्या, कुलगुरूही वाजवत होते.

टाळ्या थांबल्या आणि पाहुण्यांनी विचारलं, "हे तुम्ही कुणाच्या आदेशाने करता?"

प्रश्नात खोच नव्हती, हे मी आजही मानते. ज्याने ग्रिड सांभाळलंय त्याला हाच प्रश्न पडणार. मामा थोडे थांबले, उपअभियंत्यांकडे पाहिलं, मग म्हणाले, "आदेश वीस आट्यांचाच आहे साहेब. पण आदेश काढणाऱ्यांना टेकाडावर पाणी भरायला जायचं नसतं."

सभागृह हसलं. उपअभियंता हसले नाहीत. पाहुणे गंभीरपणे म्हणाले, हे लेखी स्वरूपात यायला हवं, एका माणसाच्या मनगटावर यंत्रणा अवलंबून ठेवता येत नाही, आणि अशी कार्यपद्धती बनवणं हेच या केंद्राचं पहिलं काम असावं. पुन्हा टाळ्या. चहाच्या वेळी तीनचार प्राध्यापकांनी माझं अभिनंदन केलं. केंद्राला कामही मिळालं होतं.

दोन दिवसांनी स्थानिक पेपरात बातमी आली, फोटोसह. पायथ्याच्या झोनमध्ये ज्यांची वट चालते त्यांनी ती वाचली. आपल्याला वीस आट्यांचं पाणी मंजूर असताना चारच मिळतात, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. पाणी कमी पडतंय अशी त्यांची तोवर एकही तक्रार नव्हती, हे तक्रारींची नोंदवही पाहून सांगते. नगरपालिकेत निवेदन गेलं. मामांना लेखी सूचना निघाली: मंजूर वेळापत्रकाप्रमाणेच व्हॉल्व्ह चालवावेत. मी फोन केला तर शांतपणे म्हणाले, "आता वीस आटे उघडतो मॅडम. सही करून." टेकाडावर टँकर सुरू झाला.

तेव्हा मी रागाने उपअभियंत्यांकडे गेले. नोकरशहाला खलनायक करायला वर्तमानपत्र पुरतं, आपण तिथे बसून ऐकावं म्हणतात. मी ऐकलं. त्यांनी आधी पुस्तकी मुद्दा काढला, आणि तो खरा होता: असा व्हॉल्व्ह सतत अर्धवट उघडा ठेवला की आतली पट्टी थरथरते, बैठक झिजते, आणि एक दिवस तो पूर्ण बंदही होत नाही. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही एक मामा पाहिलेत. माझ्याकडे पाणी सोडणारे आणखी आहेत. एकजण बसस्टँडजवळच्या हॉटेलांना रोज वीस मिनिटं जास्त देतो, तीही आट्यांचीच हुशारी आहे. त्याला मी वेळापत्रकाचा कागद दाखवूनच आवरतो. मामांना सूट दिली तर तो उद्या हाच तुमचा फोटो घेऊन येईल. आणि मामा वर्षभरात निवृत्त. पुढे त्या जागेवर ठेकेदाराचा पोरगा येणार, त्याला कुठली टेकाडाची माया?"

मला उत्तर सुचलं नाही. तीच सूट एका हातात न्याय करते आणि दुसऱ्या हातात विकली जाते, आणि आमच्या गणितात दोन्ही फक्त 'आटे' म्हणून दिसतात.

सामाजिक-तांत्रिक प्रणालींच्या अभ्यासाची सुरुवातच खाणीतल्या अशा प्रकरणातून झाली. १९५१ साली एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ या संशोधकांनी इंग्लंडमधल्या कोळसा खाणींवर लिहिलं. बॅमफर्थ स्वतः आधी खाणकामगार होते. यंत्रं आली, कामाचे तुकडे पाळ्यांमध्ये वाटले गेले, आणि छोट्या टोळ्या आपसांत जे सांभाळून घेत होत्या ते मोडलं. मग गैरहजेरी वाढली, एका पाळीची चूक दुसरी पाळी निस्तरू लागली. आम्ही हे पहिल्याच तासाला शिकवतो, आणि विद्यार्थी माना डोलावतात. पण ती टोळी आपल्या माणसांना झुकतं माप देत असेल तर काय, हे त्या तासाला कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

आता आम्ही एक वेगळी मांडणी सुचवली आहे: आट्यांचा आकडा लिहून देऊच नये. शेवटच्या नळाला किती दाब हवा ते लिहावं. एकमजली घरांसाठी सात मीटर, म्हणजे पाणी तेवढं उंच चढेल इतका दाब, ही १९९९ च्या केंद्रीय नियमपुस्तिकेतली अपेक्षा होती, एक दिवसाआडच्या पुरवठ्यात तेवढा मिळणार नाही, पण त्यातला काही भाग तरी ठरवून मागता येईल. टेकाडावर दाबमापक बसवायचा, वाचन तिथल्याच बायकांच्या गटाकडे, आणि व्हॉल्व्ह कसा फिरवायचा ते मामांवर सोडायचं. हॉटेलवाल्यांना जास्त दिलं की टोकाचा काटा खाली येणार, ते लपणार नाही. झिजेला तोड म्हणून प्रवाह रोखण्यासाठीच बनवलेला व्हॉल्व्ह त्या एका जागी घालता येतो, फार खर्च नाही. उपअभियंता म्हणाले, दाबमापक आठवड्यात चोरीला जाईल. मलाही तसंच वाटतं, म्हणून तो एका घराच्या आत बसवायचं म्हणतोय. कोणाच्या घरात, यावर वस्तीत दोन गट पडलेत.

येत्या सोमवारी बैठक आहे. नगरपालिकेला आमच्याकडून व्हॉल्व्हनिहाय तक्ता हवाय. माझी विद्यार्थिनी म्हणते, तो द्यायचा नाही, कारण वही मामांनी आपल्याला विश्वासाने दाखवली, नगरपालिकेला नाही. कुलसचिव म्हणतात, सामंजस्य करारात माहिती देण्याचं कलम आहे. मामांना बैठकीला बोलवावं असं मला वाटतं. विद्यार्थिनीचं म्हणणं असं की एकदा बोलावून झालंय, आता आधी त्यांना विचारू या की यायचंय का.