ड्रेन प्लगचं चुंबक
गाडी माझ्या गॅरेजच्या गेटमधून आत येतानाच थरथरत होती. पाय हलका ठेवला की २० ते ४० च्या वेगात हमखास, असं गाडीवाले सर म्हणाले. २०१६ ची होंडा सिटी, सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), वॉरंटी कधीच संपलेली.

"गिअरबॉक्सचं ऑइल मागच्याच महिन्यात बदललंय, म्हणजे ते नसणार."

मी बिल मागितलं. त्यावर लिहिलं होतं: एटीएफ, ४ लिटर. म्हणजे साध्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. माझ्या पोटात गोळाच आला.

आपल्याकडे क्लच पेडल नसलेली प्रत्येक गाडी ऑटोमॅटिक, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एएमटीच्या (क्लच-गिअर आपोआप चालवणाऱ्या गाडीच्या) आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, त्याला मॅन्युअलचंच गिअर ऑइल लागतं. ठरावीक गिअर आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिकला एटीएफ, तेही त्या गाडीला सांगितलेल्या ग्रेडचं. सीव्हीटीत दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये दाबून धरलेला स्टीलचा बेल्ट. सगळी ताकद स्टीलवरच्या स्टीलच्या पकडीतून चाकाकडे जाते. म्हणून तिचं ऑइल झीज थांबवणारं हवं, पण पकड सोडू देणारं नको. एटीएफ बनतं ते क्लच प्लेटा झटका न देता लागाव्यात म्हणून. त्यात बेल्ट सरकू शकतो, आणि पुलीवर एकदा ओरखडे पडले की कुठल्याही ऑइलने ते भरून येत नाहीत.

डिकीतून गाडीचं माहितीपुस्तक काढलं, प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. गिअरबॉक्सच्या पानावर स्पष्ट छापलेलं: एचसीएफ-२, होंडाचं सीव्हीटी ऑइल.

"म्हणजे गेला का गिअरबॉक्स?" सरांचा आवाज उतरला होता. नवा बसवायचा तर खर्च लाखाच्या घरात.

"सर, ड्रेन प्लगचं चुंबक बघितल्याशिवाय काही बोलत नाही. झिजलेलं लोखंड त्यालाच चिकटतं."

आधी फिलर (ऑइल भरायच्या भोकाचा बोल्ट) सुटतो का बघितलं, मगच ड्रेन प्लग (ऑइल काढायच्या भोकाचा बोल्ट) खोलला. हा क्रम मी कधीच मोडत नाही. फिलर जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं. प्लगच्या चुंबकावर करडा लगदा होता. बोटांत चोळून उन्हात धरला. बेल्ट किंवा पुलीचा चमकणारा तुकडा एकही नाही. तेव्हा कुठे श्वास सोडला.

एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, या गाडीतही टॉर्क कन्व्हर्टर आहे, त्यात बरंच अडकून राहतं. म्हणून एचसीएफ-२ भरायचं, गाडी फिरवून आणायची, पुन्हा काढायचं. असं तीनदा केलं. सर दिवसभर स्टुलावर बसून होते, प्रत्येक वेळी प्लग स्वतः हातात घेऊन बघत होते. संध्याकाळी थरथर गेली. चढावर बारीक घुंई मात्र अजून येते, आणि ती जाईल असं मी त्यांना सांगितलेलं नाही.

आधीच्या गॅरेजवाल्याला फोन केला. "बिनक्लचची बघून भरलं," म्हणाला. त्याच्याकडे त्याच आठवड्यात आणखी एक सीव्हीटी येऊन गेली होती. तिच्या मालकाचा नंबर तो शोधायला लागला.