आउटलुक एक्स्प्रेसचा तो ‘टिंग’: सापडला, पण शेपूट तुटलेलं

तर अपडेट असा की मी शोधत होते तो जुन्या कॉम्प्युटरवरचा मेल आल्याचा आवाज सापडलाय. पूर्ण नाही, शेवटचा तुकडा गेलाय, पण सापडलाय. कसा ते सगळं लिहून ठेवते, कारण या उद्योगात मी निम्मा वेळ भलतीकडेच खोदत बसले होते, तुमचा तरी वाचेल.

हवं काय होतं तर आमच्या घरच्या जुन्या विंडोज एक्सपी मशीनवर आउटलुक एक्स्प्रेस या मेल प्रोग्राममध्ये नवीन मेल आला की वाजायचा तो आवाज. टिंग-टिंग, आणि मागे विहिरीत हाक मारल्यासारखा घुमायचा. इतकी वर्षं मी समजत होते की आउटलुक एक्स्प्रेस म्हणजे हाच आवाज, सगळ्यांकडे हाच वाजत असणार. तो आता थंडरबर्डमध्ये (माझा आताचा मेल प्रोग्राम) आणि फोनवर लावायचा एवढाच प्लॅन होता, एका रविवारचं काम वाटलेलं, तीन रविवार गेले.

पहिला रविवार पूर्ण वाया. जुनी ४० जीबीची आयडीई (जुन्या प्रकारच्या जोडणीची) हार्ड डिस्क यूएसबी कन्व्हर्टरने जोडली, आधी तिची अख्खी इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढली (हे आधी कराच, मूळ डिस्कवर काहीही उघडू नका, लिहिणं तर लांबच), आणि मग प्रोग्रामची ईएक्सई, म्हणजे एमएसआयएमएन, रिसोर्स हॅकरमध्ये (प्रोग्रामच्या पोटातले आयकॉन, आवाज दाखवणारं टूल) उघडली. डोक्यात हेच की आवाज प्रोग्रामच्या पोटातच असणार. पोटात आयकॉन निघाले. मग म्हटलं एमएसओईआरईएस नावाची डीएलएल, म्हणजे प्रोग्रामची जोडफाइल, आहे तिच्यात बघू, तर तिथे मेन्यू, डायलॉग, वाक्यंच्या वाक्यं, सगळं आहे पण आवाजाचा पत्ता नाही. जेवायला हाका मारून घरचे थकले.

मग कधीतरी ट्यूब पेटली. आउटलुक एक्स्प्रेस स्वतः आवाज ठेवतच नाही! मेल आला की तो विंडोजला नुसतं म्हणतो ‘मेलबीप’ वाजव, आणि मेलबीप म्हणजे कुठली फाइल ते विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या सेटिंग्जच्या वहीत, बघतं. कंट्रोल पॅनेलच्या साउंड्समध्ये ‘न्यू मेल नोटिफिकेशन’ अशी ओळ असते ना, ती हीच. एक्सपीत तिथे मुळात ‘विंडोज एक्सपी नोटिफाय’ ही वेव्ह फाइल लावलेली असते, विंडोजच्या मीडिया फोल्डरमधली. धावत जाऊन ती वाजवली.

हा तो नव्हेच.

छान गुळगुळीत आवाज आहे, पण माझा नाही. दोन दिवस वाटत राहिलं की आपली आठवणच खोटी, कुठल्यातरी गेमचा आवाज मेलला चिकटवलाय आपण.

दुसऱ्या रविवारी रजिस्ट्री. जुन्या मशीनची रजिस्ट्री बघायला ते मशीन चालू करावं लागत नाही हे मला माहीतच नव्हतं. प्रत्येक युजरची रजिस्ट्री त्याच्या फोल्डरमध्ये एनटीयूजर डॉट डॅट नावाच्या फाइलीत असते, लपवलेली असते म्हणून दिसत नाही. तिची कॉपी करायची (कॉपीच, कारण उघडताना विंडोज तिच्यात लिहितंसुद्धा), आजच्या विंडोजवर रेजएडिट (रजिस्ट्री बघायचा प्रोग्राम) उघडून एचकी युजर्सवर क्लिक करायचं, फाइल मेन्यूतून लोड हाइव्ह, काहीतरी नाव द्यायचं, झालं. आत ॲपइव्हेंट्स, स्कीम्स, ॲप्स, डॉट डिफॉल्ट, मेलबीप, डॉट करंट असं उतरत गेले आणि शेवटी एक ओळ दिसली: डी ड्राइव्ह, साँग्ज, मिस्क, घंटा डॉट वेव्ह.

घंटा! म्हणजे हा आवाज मायक्रोसॉफ्टचा नव्हताच कधी. हे आमच्या घरातल्याच कुणीतरी लावलेलं, आणि घरात असले उद्योग करणारा एकच माणूस. दादाला फोन लावला.

“अगं ती माझ्या सायकलची घंटी,” दादा म्हणाला, जसं काही मला हे माहीत असायलाच हवं होतं. “साउंड रेकॉर्डरमध्ये रेकॉर्ड केली, इफेक्ट्समध्ये जाऊन इको दोनदा मारला. तू तेव्हा विचारलंस पण नाहीस.”

कशाला विचारेन, मला वाटलं बिल गेट्सनेच पाठवलाय. बरं, यात नवल असं काही नाही म्हणा, एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीचं ते जगप्रसिद्ध ‘यू हॅव गॉट मेल’ सुद्धा एल्वुड एडवर्ड्स या माणसाने १९८९ मध्ये आपल्या घरीच साध्या कॅसेटवर बोलून दिलेलं, कारण बायको त्या कंपनीत कामाला होती.

असो. साँग्ज फोल्डर आहे, मिस्क आहे, त्यात घंटा नाही. कधीतरी जागा कमी पडली म्हणून कुणीतरी उडवली असणार. (मीच असेन.) पण डी ड्राइव्ह फॅट३२ होता (डिस्कवर फाइली मांडायची जुनी पद्धत) आणि फॅटमध्ये फाइल डिलीट केली की नोंद पूर्ण पुसत नाहीत, नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ई५ हा बाइट ठेवतात आणि फाइलचे तुकडे कुठे आहेत त्याची साखळी मोकळी करतात, साइज आणि सुरुवात कुठे ते बऱ्याचदा तसंच राहतं. टेस्टडिस्क या फाइली परत मिळवायच्या टूलच्या अनडिलीटमध्ये मिस्क उघडलं तर इंग्रजी नावातला पहिला ‘जी’ गेलेली फाइल लाल रंगात, ‘हंटा’. साइज १७,९८० बाइट. ओरडलेच मी.

कॉपी करून वाजवली. टिंग-टिंग, घुमतंय, घुमतंय, आणि शेवटी खर्रर्र.

इथे जरा हिशोब केला आणि तोच मला सगळ्यात आवडलाय. त्या पार्टिशनचं क्लस्टर, म्हणजे फाइलींना जागा देण्याचा सगळ्यात लहान तुकडा, १६ केबीचं, म्हणजे १६,३८४ बाइट. फाइल त्याच्याहून मोठी, म्हणजे दोन क्लस्टर लागले, आणि दुसऱ्यावर नंतर भलतंच काहीतरी येऊन बसलंय. १७,९८० वजा १६,३८४, उरले १,५९६ बाइट. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम) ‘एफएमटी’च्या सुरुवातीपासून आठ बाइट सोडून ११ ०० दिसतं, म्हणजे साधं पीसीएम (न दाबलेला आवाज) नाही, आयएमए एडीपीसीएम (दाबून लहान केलेला), २२,०५० हर्ट्झ, मोनो, सेकंदाला साधारण ११,१०० बाइट. म्हणजे गेलेला भाग जेमतेम ०.१४ सेकंद! पूर्ण आवाज १.६ सेकंदांचा. शिवाय एडीपीसीएममध्ये दर ५१२ बाइटच्या ब्लॉकची सुरुवात नव्याने होते, त्यामुळे शेवटचा कचरा आधीच्या भागाला शिवतही नाही. दादाने पीसीएममध्ये सेव्ह केली असती तर फाइल मोठी झाली असती, म्हणजे अजून तुकडे आणि अजून भोकं, तेव्हा त्याचं कौतुक.

तिसरा रविवार सोपा. ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचा प्रोग्राम) शेवटचं खर्रर्र कापलं, त्याच्या आधीच्या ०.२ सेकंदावर फेड आउट, इको तसाही विरतच होता त्यामुळे कळतही नाही. नॉइज रिडक्शन मारून बघितलं आणि लगेच अनडू केलं, घंटी प्लास्टिकची वाटायला लागली. तो मागचा ‘हिस्स्’ असा बारीक आवाज राहू दे. थंडरबर्डसाठी १६ बिट पीसीएम वेव्ह, सेटिंग्जमध्ये जनरलमध्ये येणाऱ्या मेलसाठी कस्टम आवाजाचा पर्याय आहे तिथे दिली, पहिल्या झटक्यात वाजली. अँड्रॉइडसाठी ओजीजी या फॉरमॅटची फाइल करून नोटिफिकेशन्स फोल्डरमध्ये टाकली, पण लक्षात ठेवा, ८.० पासून आवाज ॲपला नाही, ॲपच्या नोटिफिकेशन चॅनेलला (ॲपमधल्या एकेका प्रकारच्या सूचनांना) लावायचा असतो, मी अर्धा तास भलत्याच सेटिंगमध्ये फिरत होते.

एक घोळ ब्लूटूथ हेडफोनवर झाला, पहिला टिंग खाल्ला जायचा, नुसता दुसराच ऐकू यायचा. हेडफोन झोपलेला असतो आणि जागा होईपर्यंत सुरुवात निघून जाते. आवाजाच्या आधी २५० मिलिसेकंद शांतता जोडली, दोन्ही टिंग परत.

आणि हो, मोठा करून ऐकलं तर अगदी सुरुवातीला, घंटीच्या आधी, एक बारीक टक् आहे. रेकॉर्डचं बटण दाबलेल्या माउसचा. आधी कापणार होते, कर्सर नेलासुद्धा होता तिथपर्यंत, मग नाही कापला.

दादाला फाइल पाठवली तर म्हणतो वाजत नाही. त्याच्याकडे आयफोन आहे, आता एम४आर, म्हणजे आयफोनच्या रिंगटोनची फाइल, करायची आहे.