पीएसपीवर होमब्रू: सगळं सोपं, अडलं ते बॅटरीपाशी

पीएसपीवर, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलवर, होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेले प्रोग्रॅम आणि गेम) चढवायला किती वेळ लागतो असं कुणालाही विचारा, फायली कॉपी होईपर्यंत, असंच सांगतील. ते खरंही आहे. फक्त बॅटरीचं कुणी बोलत नाही. पीएसपी-३००० हे मॉडेल बाजारात आलं २००८ मध्ये, त्यामुळे आज हातात येणाऱ्या यंत्राची मूळ बॅटरी धड असेल यावर विसंबू नका. माझा सगळा जीव त्या बॅटरीने खाल्ला, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

आतेभावाने कपाटातला पीएसपी मला देऊन टाकला. फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, जुनं होतं. २०१५ मध्ये आलेलं ६.६१ हे शेवटचं अधिकृत फर्मवेअर, आणि आधी ते घालून घेतलेलं बरं, कारण आजची साधनं त्यावर निर्धास्त चालतात. घरच्या वाय-फायचा नाद सोडा. या यंत्राला डब्ल्यूपीए२, म्हणजे वाय-फायची सुरक्षा पद्धत, कळत नाही. अपडेटची फाईल कॉम्प्युटरवरून मेमरी स्टिकवर पीएसपी, त्यात गेम, त्यात अपडेट अशा फोल्डरात टाकायची. नावं इंग्रजी कॅपिटलमध्येच हवीत.

इथवर काहीच अडचण नव्हती. मागचं झाकण उघडलं तर बॅटरी टम्म फुगलेली. अशी बॅटरी दाबून बसवू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर पीएसपी व्यवस्थित चालतो. अपडेट मात्र सुरू होत नाही. चार्जर जोडलेला हवा आणि बॅटरीही पुरेशी भरलेली हवी, दोन्ही एकदम. अट योग्यच आहे. आतल्या फ्लॅश मेमरीत फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली तर यंत्र पुन्हा उठत नाही, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

मग ऑनलाइन बॅटरी मागवली. लेबलावर ठळक अक्षरांत ३६०० एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचं माप). इथे नीट लक्ष द्या. पीएसपी-३००० च्या मूळ पातळ बॅटरीची क्षमता १२००. पहिल्या पीएसपी-१००० ची जाड बॅटरी असते, तिची १८००. त्याच पातळ आकारात तिप्पट क्षमता कुठून येणार? ही बॅटरी लावली की नारिंगी दिवा लागायचा आणि थोड्याच वेळात विझायचा. सिस्टिम सेटिंग्जमधल्या बॅटरी इन्फर्मेशनमध्ये पाहावं तर चार्ज होता तिथेच. अपडेट उघडलं की पुन्हा तोच नकार. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं, ‘तुमचं कन्सोलच खराब असेल.’ फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, पुन्हा पाठवा, मग वाट पाहा. पैसे परत मिळाले, पण माझा राग अजून गेलेला नाही. खोटा आकडा छापून वर ग्राहकाचंच यंत्र बिघडलंय म्हणणं ही सरळ फसवणूक आहे.

शेवटी पुण्यात तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी माझा पीएसपी हातात घेतला आणि स्वतःकडची बॅटरी लावून पाहिली. लगेच चालू. म्हणाले, ‘दादा, लेबलावर जाऊ नका, वजन बघा.’ दोन्ही बॅटऱ्या माझ्या तळहातांवर ठेवल्या. माझी खरंच हलकी लागत होती. त्यांच्याकडून साधी १२०० छापलेली घेतली. घरी लावली तर नारिंगी दिवा चांगला दोनेक तास टिकला, आणि अपडेटची पट्टी सरकायला लागली तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

पुढचं सगळं एका संध्याकाळी झालं. कस्टम फर्मवेअर (होमब्रू चालू देणारं, सोनीचं नसलेलं फर्मवेअर) म्हणून एआरके-४ घेतलं: एक फोल्डर मेमरी स्टिकवरच्या सेव्हडेटा फोल्डरात, ते सुरू करणारा लोडर गेम फोल्डरात, आणि मेनूतून लोडर चालवायचा. यंत्र पूर्ण बंद केलं की लोडर पुन्हा चालवावा लागतो, स्लीपमध्ये ठेवलं तर नाही. प्रत्येक होमब्रूचा वेगळा फोल्डर गेममध्ये जातो आणि आत ईबूट नावाची फाईल असावीच लागते. ती आणखी एका फोल्डराच्या आत राहिली तर मेनूत काहीच दिसत नाही.

हे आधीच सांगायला हवं होतं: मेमरी स्टिकऐवजी मायक्रोएसडीचा अडॅप्टर घ्या, स्वस्त पडतो. फॉरमॅट मात्र पीएसपीमध्येच करा, म्हणजे लागणारे फोल्डर आपोआप तयार होतात.

गेमबॉय अ‍ॅडव्हान्ससाठी जीपीएसपी हा एम्युलेटर (दुसऱ्या कन्सोलचे गेम चालवणारा प्रोग्रॅम) घ्या. प्रोसेसरचा वेग ३३३ मेगाहर्ट्झवर ठेवा. मी त्यावर ‘अँगुना’ खेळतोय. हौशी माणसाने बनवून फुकट दिलेला गेम आहे, त्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही. स्वतःच्या यूएमडी (पीएसपीच्या गेमच्या छोट्या डिस्क) असतील तर कस्टम फर्मवेअरच्या मेनूत यूएसबीसाठी यूएमडी निवडा. कॉम्प्युटरवर डिस्कची आयएसओ (अख्ख्या डिस्कची एक फाईल) दिसते, ती कॉपी करून मेमरी स्टिकवरच्या आयएसओ फोल्डरात ठेवायची.

आणि महिनोन्‌महिने खेळणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा. परत लावल्यावर तारीख-वेळ विचारेल, तेवढी भरायची.