टोपण क्रमांक ४ : फोमला रामराम

सूर्य बघायला दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर बसवायचं फिल्टरचं टोपण मी घरीच बनवतेय: पुठ्ठ्याची कडी, तिच्यावर सूर्यप्रकाश अडवणारी फिल्म आणि आत पकडीसाठी फोमची पट्टी. त्यातलं टोपण क्रमांक ३ पक्कं झालं, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ते मागे घेते. ऐन निरीक्षणात ते निसटून पडलं.

सूर्य बराच खाली आला होता, मोटर त्याचा माग काढत होती आणि मी वेळ टिपायला वहीकडे वळले. उठताना सवयीनं आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, झाकण लावलं होतं. परत येऊन बघते तर फिल्टर गवतात आणि उघडं भिंग थेट सूर्याकडे. आधी नळी बाजूला फिरवली, मग झाकण काढलं. आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा वितळलेला खळगा, कड चकचकीत, जळक्या प्लॅस्टिकचा वास. तिथे माझा डोळा असता. भर उन्हात डोळ्याची बाहुली २ मिलिमीटरची धरली, तर ८० मिलिमीटरचं भिंग तिच्या १६०० पट प्रकाश गोळा करतं. पापणी मिटेपर्यंत इजा होऊन गेलेली असते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे नजर अधू झाल्याचं कित्येकदा काही तासांनी लक्षात येतं.

मग आठवडाभर एकच प्रश्न: पडलं का? माझ्या सगळ्या चाचण्या दुपारच्या होत्या. नळी वर रोखलेली असते तेव्हा टोपण स्वतःच्या वजनानं बसून राहतं. सूर्य खाली आला की नळी आडवी होते आणि सगळा भार आतल्या पट्टीच्या पकडीवर येतो. फोम उन्हात मऊ पडतो, दबतो आणि दबलेलाच राहतो. १२ ऑगस्ट २०२६ चं ग्रहण स्पेनमधून सूर्यास्ताच्या सुमाराचं, म्हणजे नळी अशीच आडवी.

आधी फोम दुहेरी केला. सकाळी टोपण बसवताना जोर लावावा लागला, दुपारी ते पुन्हा हातात आलं. मग १२० अंशांवर तीन नायलॉनचे स्क्रू लावले. स्क्रू आवळले तशी पुठ्ठ्याची कडी तिकोनी झाली आणि बाजूनं उजेडाची रेघ आत आली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी पुठ्ठाच सोडला. आता कडक प्लॅस्टिकची कडी, आत फेल्टची पट्टी आणि तेच तीन स्क्रू. हेअर ड्रायरनं दहा मिनिटं तापवलं, नळी सरळ जमिनीकडे केली, तळव्यानं शंभर थापा मारल्या. केसभरही हललं नाही! त्या रात्री शांत झोप लागली.

फिल्मही बदलली. अंधाऱ्या खोलीत टॉर्च मागे धरला तर जुन्या तुकड्यात दोन ठिपके लुकलुकले, तुकडा सरळ कचऱ्यात. तो ज्या विक्रेत्याकडून आला त्यानं फिल्म पत्रासारखी घडी घालून पाठवली होती. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवणाऱ्याला मी चार पैसे जास्त द्यायला तयार आहे. नवी फिल्म बाडर कंपनीचीच, ओडी (प्रकाश अडवण्याचं माप) ५, म्हणजे एक लाखांश प्रकाशच आत सोडणारी. ओडी ३.८ ची फोटोसाठीची फिल्म दिसायला अगदी तशीच, पण जवळजवळ १६ पट जास्त प्रकाश सोडते. तिच्यातून डोळ्यानं बघायचं नाही. म्हणून दोन्ही पाकिटांवर ठळक लिहून ठेवलंय. बसवताना फिल्म ताणली नाही. सुरकुत्या चालतात, ताण चालत नाही. टोपण क्रमांक २ मध्ये प्रतिमा त्यानंच बिघडली होती.

हे लिहिता लिहिता सुचलं: स्क्रूंवर तरी सगळी भिस्त का? टोपणाला दोन पट्टे शिवून ते नळीच्या क्लॅम्पला वेल्क्रोनं बांधते. पकड सुटली तरी टोपण भिंगापुढून हलणार नाही. वाऱ्याची चाचणी त्यानंतरच.

बायनॉक्युलरचा बेतही बदलला. दोन सुटी टोपणं करणार होते, त्यात एक लावायचं राहून जाऊ शकतं. आता एकाच पाटीत दोन फिल्टर, लागले तर दोन्ही लागतील. ग्रहणचष्मा घालून बायनॉक्युलरला डोळा लावता येईल का, असं विचारलं गेलं होतं. अजिबात नाही. आयएसओ १२३१२-२ या मानकाचा ग्रहणचष्मा नुसत्या डोळ्यांसाठी असतो. भिंगांनी एकवटलेला प्रकाश त्याला जाळून आरपार जातो. फिल्टर पुढच्या भिंगावरच हवा.

फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, काढूनच ठेवलाय. नळीची सावली सगळ्यांत लहान झाली की सूर्य आयपीसमध्ये येतोच.

काल टोपण क्रमांक ४ मधून पहिल्यांदा पाहिलं. पांढरी शुभ्र तबकडी, कडेला किंचित मंद, आणि मध्याच्या डावीकडे एक सौरडाग, भोवतीच्या करड्या झालरीसकट. वीस मिनिटं जागची उठले नाही.