हजेरीपटावरची गाणी

फोनमध्ये काही गाणी अशी असतात की ती वाजत नाहीत आणि हटतही नाहीत. मला त्यांचा राग कमी, कुतूहल जास्त. फाइल केव्हाच डिलीट झालेली असते, तरी प्लेयर उघडला की नाव जागच्या जागी. बोट ठेवावं तर क्षणभर शांतता, आणि प्लेयर मुकाट्याने पुढच्या गाण्यावर.

यात प्लेयरचा दोष थोडा. अँड्रॉइडवरचे बरेचसे प्लेयर स्वतः गाणी शोधत बसत नाहीत. फोन आतल्या आत सगळ्या ऑडिओ, फोटो, व्हिडिओंची यादी ठेवतो, तिला मीडियास्टोअर म्हणतात, आणि प्लेयर ती यादी वाचून दाखवतो. फाइल गेली पण यादीला कोणी कळवलंच नाही, की मूल शाळा सोडून गेलं तरी हजेरीपटावर नाव राहावं तसं होतं. रोज पुकारा होतो, 'हजर' म्हणायला कोणी नसतं.

दुसरी जात याच्या अगदी उलट. फाइल असते, पण तिला गाणं कोणी म्हणावं? शफल लावून डोळे मिटावेत, आलाप रंगात यावा आणि लगेच पुढे कुणीतरी सांगावं, "अरे, येताना चार्जर आण." कॉलचं रेकॉर्डिंग, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ऑडिओ, एखाद्या गेममधली नाण्यांची खणखण. कलाकार सगळ्यांचा एकच, 'अननोन आर्टिस्ट'. इतकं विपुल काम दुसऱ्या कुणाच्या नावावर नसेल! यादीला संगीत कळत नाही, ती फोल्डर बघते. तोच तुकडा रिंगटोन्सच्या फोल्डरात असला की रिंगटोन, म्युझिकमध्ये ठेवला की संगीत. समीक्षकांचं काम इतकं सोपं कधीच नव्हतं.

पहिल्या जातीसाठी आधी नुसता रीस्टार्ट करून पाहावा, कधी तेवढ्यानेही भागतं. नाही भागलं तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथे सिस्टिम अ‍ॅप्स दाखवायला सांगून मीडिया स्टोरेज, आणि त्याचा डेटा क्लिअर. (फोनफोनावर या पाट्या थोड्या बदलतात.) बटण दाबताना हात थबकतो, पण पुसली जाते ती यादी, गाणी नव्हेत. पुन्हा रीस्टार्ट केला की फोन सगळं स्टोरेज धुंडाळून यादी नव्याने करतो. गाणी भरपूर असतील तर तोवर प्लेयर रिकामा दिसतो, घाबरू नये. काही प्लेयरांच्या प्लेलिस्ट मात्र त्याच यादीत असतात, त्या जातात.

दुसऱ्या जातीवरचा उपाय मला फार आवडतो. नको त्या फोल्डरात एक फाइल ठेवायची, रोमन अक्षरांत नाव 'नोमीडिया', त्याच्या आधी टिंब. आत एक अक्षरही लागत नाही. फोन ती फाइल पाहतो आणि तो फोल्डर, त्यातल्या उपफोल्डरांसकट, यादीतून वगळतो. फाइल्स असतात तिथेच, फाइल मॅनेजरमधून ऐकता येतात. फक्त त्या फोल्डरात फोटो नाहीत ना, हे आधी बघावं. असले तर तेही गॅलरीतून गायब होतात, आणि मग घरात निराळीच शोधाशोध सुरू होते.