क्लाउनफिश, तिसरी खेप: तिसाव्या दिवशी 31 पिल्लं

ज्यांनी घरी क्लाउनफिशची पिल्लं वाढवायच्या माझ्या मागच्या दोन खेपांची रड ऐकली आहे, त्यांच्यासाठी आधी आकडा. 10 मार्चच्या रात्री अंडी फुटली. आज तिसावा दिवस, आणि 31 पिल्लं जिवंत आहेत. फोटोवर मोजली तेव्हा अंडी 180 च्या आसपास होती, म्हणजे टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. पण पहिल्या खेपेत चौथ्या दिवशी शून्य होतं आणि दुसऱ्या खेपेत सहाव्या. त्या मानाने मी सध्या कॉलर ताठ करून फिरतोय.

जोडी तीच, साधी ऑसेलॅरिस, म्हणजे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउनफिशची जात, 70 लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधली. चार वर्षांपूर्वी दोन्ही लहान आणली होती. क्लाउनफिशमध्ये सगळे आधी नरच असतात आणि मोठा होणारा, दादागिरी करणारा मासा मादी होतो, त्यामुळे जोडी जमवायला पत्रिका पाहावी लागत नाही. कुंभारवाड्यातून आणलेली बिनरंगाची छोटी कुंडी आडवी ठेवली आहे, तिच्यातच अंडी घालतात. दर बारा-पंधरा दिवसांनी, न चुकता. 27 अंशांवर आठव्या रात्री फुटतात. आधी केशरी, मग तपकिरी, आणि शेवटी डोळे चांदीसारखे चमकायला लागले की समजायचं, आज रात्री जागायचंय.

मासे अंडी घालतात यात माझं काहीच कर्तृत्व नाही. बाप पंख्याने वारा घालावा तसा दिवसभर अंड्यांना पाणी घालतो, मेलेली अंडी स्वतः उचलून खातो. माझं काम सुरू होतं अंडी फुटल्यावर, आणि ते काम माशांचं नाहीच, रोटिफरचं, म्हणजे पाण्यातल्या एका सूक्ष्म जिवाचं आहे. पहिले आठवडाभर पिल्लांना हलणारं, तोंडात मावेल इतकं बारीक खाद्य लागतं. आर्टेमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवाची नुकती फुटलेली पिल्लंसुद्धा त्यांना मोठी पडतात. पहिल्या खेपेत माझ्याकडे रोटिफरची एक बाटली होती आणि भरपूर आत्मविश्वास होता. पिल्लं उपाशी मेली.

दुसऱ्या खेपेत रोटिफर भरपूर होते, पण सगळे एकाच बरणीत. गुरुवारी वीज गेली, मी ऑफिसमध्ये, एअर पंप बंद. दाट कल्चरला हवा मिळाली नाही की काही तासांत गुदमरतं. संध्याकाळी घरी आलो तर झाकण उघडायच्या आधीच वास आला.

म्हणून या वेळी तीन बरण्या, प्रत्येकी 10 लिटरच्या. एक हॉलमध्ये इन्व्हर्टरच्या लाइनवर, दुसरी माझ्या खोलीत बॅटरीच्या पंपावर, तिसरी देवघराशेजारी. या तिसरीवर आईचा आक्षेप होता, तो अजून आहे. मोजणीची पद्धत अशी: सिरिंजमध्ये एक मिली पाणी घ्यायचं, त्यात बेटाडिनचा थेंब टाकायचा की रोटिफर जागच्या जागी थांबतात. मग पांढऱ्या बशीत थेंब थेंब सोडून भिंगातून मोजायचे. डोळे फुटतात, पण अंदाजपंचे काम थांबतं. मिलीला 150 धरले तर एका बरणीत 15 लाख. रोज चौथा हिस्सा काढला तर पावणेचार लाख. पिल्लांच्या टबात 20 लिटर पाणी, तिथे मिलीला 10 हवेत, म्हणजे 2 लाख. एक बरणी पुरते, बाकीच्या दोन विम्यासारख्या.

रोटिफर गाळायला स्क्रीन प्रिंटिंगची 120 नंबरची (सेंटीमीटरला 120 धागे) जाळी वापरतो, छिद्र साधारण 50 मायक्रॉनचं. पेठेतल्या छपाईच्या सामानाच्या दुकानात मिळाली. दुकानदाराने "पत्रिका छापताय का?" विचारलं, मी हो म्हटलं.

रोटिफरना खायला नॅनोक्लोरोप्सिस हे सूक्ष्म शेवाळ. गेल्या वर्षी हे हिरवं पाणी बाल्कनीत वाढवलं होतं. एप्रिलच्या उन्हात चार दिवसांत पिवळं पडून बसलं. पुण्याचं ऊन त्याला मानवत नाही. तिशीच्या वर पारा गेला की त्याचं काही खरं नाही. आता खोलीत, एलईडी ट्यूबखाली. दाट झालेलं कल्चर फ्रीजमध्ये जातं. कैरीच्या पन्ह्याच्या बाटल्याही तिथेच असतात, त्यामुळे बाबांनी त्यावर चिठ्ठी लावली आहे: "हे पन्हे नाही. खात्री करण्याचा प्रयत्न करू नये."

अंडी फुटायच्या संध्याकाळी कुंडी काळ्या टबात हलवली, पाणी जोडीच्या टँकचंच. बापाच्या जागी एअर स्टोन, बुडबुडे अंड्यांच्या बाजूने जातील असा. खोलीत पूर्ण अंधार. दीड तासाने टॉर्च लावला तर पाण्यात पांढरे धागे हलत होते. टबाच्या भिंती काळ्या हव्यातच, नाहीतर पिल्लांना खाणं दिसत नाही आणि ती चकाकणाऱ्या काचेवर डोकं आपटत राहतात.

टबात फिल्टर नाही, त्यामुळे अमोनियाची भीती कायम. समुद्राच्या पाण्याचा पीएच जास्त, म्हणून तोच अमोनिया इथे गोड्या पाण्यापेक्षा जास्त जहाल. रोज तीन लिटर पाणी बदललं, सलाईनच्या नळीने. तिच्यावरचं चाक फिरवून थेंबांचा वेग ठरवता येतो, यापेक्षा चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही. बदलायचं पाणी नेहमी आदल्या दिवशी आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून ठेवलेलं. सोसायटीत टँकर आला की पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर 600 दाखवतो, तेव्हा आरओ संथ चालतो आणि गुरुवारी पाणीच नसतं.

सहाव्या दिवसापासून थोडा आर्टेमिया, रोटिफर चालू ठेवूनच. इथेच बरीच पिल्लं गेली. मी घाई केली असणार, कारण मेलेल्यांची पोटं केशरी, टम्म फुगलेली होती. आणखी दोन दिवस थांबायला हवं होतं. दहाव्या दिवशी पहिल्या पिल्लाच्या डोक्यामागे पांढरा पट्टा उमटला. तोवर पाण्यात तरंगणारं ते पोर त्या दिवशी तळाशी जाऊन मोठ्या माशासारखं अंग घुसळू लागलं. मी ऑफिसला उशीर केला.

31 पैकी सहा जणांचा मधला पट्टा अर्धवट आहे. टाकीत वाढवलेल्या पिल्लांत हे होतंच. रंगाच्या हौशी लोकांना अशीच पिल्लं हवी असतात, मला मात्र पूर्ण पट्टेवाली आवडतात.

दरम्यान जोडीने आणखी दोनदा अंडी घातली. टब एकच असल्याने ती सोडून दिली. आता मादी पुन्हा फुगली आहे, परवा-तेरवा कुंडीवर बसेल, तोवर दुसरा टब तयार करतोय. रोटिफर सध्या उतू जाताहेत. पुण्यात कोणाला सुरुवातीला हवे असतील तर अर्ध्या लिटरची बाटली घेऊन या, नुसत्या पाण्याने धुतलेली. साबण लावलेली बाटली दारातून परत पाठवीन.