काउंट चांगला आहे, पण...

पावसाळा लागला की आमच्या नाशकात घरोघरी एकच चौकशी, "प्लेटलेट्स किती आल्या?" डेंग्यूने दीड लाख ते साडेचार लाख हा हिशोब सगळ्यांना पाठ करून ठेवलाय. मी हृदयविकाराच्या संशोधनासाठी प्लेटलेट्स तपासते. तिथे काउंट उत्तम असूनही स्टेंटमध्ये, म्हणजे हृदयाच्या धमनीत बसवलेल्या जाळीदार नळीत, गुठळी होऊ शकते. म्हणून आम्ही त्या किती आहेत यापेक्षा किती चिकटतात ते बघतो.

पद्धत गुस्ताव्ह बॉर्न यांची, १९६२ सालची. रक्त यंत्रात हलकेच फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात, वर प्लेटलेट्सचं गढूळ पिवळट पाणी उरतं. ते ३७ अंशांवर ढवळत ठेवायचं, आरपार उजेड सोडायचा आणि थोडंसं एडीपी, म्हणजे प्लेटलेट्सना चिकटायला लावणारं रसायन, घालायचं. ताक घुसळताना लोणी जमावं तशा प्लेटलेट्स गोळा होतात, पाणी निवळतं, उजेड वाढतो, आलेखाची रेघ वर चढते. क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी गोळी लागू पडत असेल तर ती फार चढत नाही. अ‍ॅस्पिरिनसाठी एडीपीऐवजी अ‍ॅराकिडोनिक आम्ल.

गेल्या महिन्यात नाशिकरोडहून एका काकांचं सॅम्पल आलं, तेही बर्फाच्या पिशवीत! वाटेत द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तास गेला तो वेगळाच. गारठ्याने प्लेटलेट्सचा आकारच बदलतो. सॅम्पल साध्या खोलीच्या तापमानाला, न हिंदकळता, चार तासांच्या आत तपासावं लागतं. मला फार वाईट वाटलं. कुणाच्या तरी शिरेत सुई टोचून काढलेलं रक्त होतं ते.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्वतः आले. अ‍ॅस्पिरिनची रेघ सपाट, छान. एडीपीची मात्र भराभर वर. अशी रेघ पाहून सरसकट गोळ्या बदलायच्या नसतात. २०१२च्या 'आर्क्टिक' नावाच्या संशोधन चाचणीत २,४४० पेशंट होते, निम्म्यांचे डोस तपासणी पाहून ठरवले, तरी फायदा दिसला नाही. म्हणून आधी विचारलं, "काका, गोळ्या रोज घेता ना?"

"ती गुलाबी गोळी पित्त करते गं ताई. चार दिवस झाले, बंद केलीय."

गुलाबी म्हणजे क्लोपिडोग्रेल. स्टेंट बसून त्यांना जेमतेम तीन महिने झालेत. मी रिपोर्ट तसाच ठेवला आणि आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.